सवलतीचे दिवस

परवा लिफ्टचं दार उघडलं तर आत चार माणसं, बाबागाडीत एक मूल आणि एका बाईंच्या हातात भलीमोठी कुंडी. मी सवयीने अर्धं पाऊल मागे घेतलं. "तुम्ही व्हा पुढे, मी नंतर येते." बाईंनी कुंडी छातीशी धरून जागा केली. "अहो, या की! मावतंय सगळं." दार मिटू नये म्हणून त्यांनी पाऊल आडवं घातलं, बाबागाडीवाल्याने गाडी तिरकी केली, आणि एवढ्या सगळ्यांच्या चांगुलपणापुढे मला काहीतरी कारण देणं भाग पडलं. एक फोन यायचाय, असं काहीसं पुटपुटले. दार मिटता मिटता नजर खाली गेली. लिफ्टच्या तळाला पावलांच्या ठशांचे दोन गोल स्टिकर आहेत, एका वेळी दोनच माणसांनी उभं राहावं म्हणून कधीकाळी लावलेले. एक पार खरवडून गेलाय. दुसऱ्यात डाव्या पायाची बोटं तेवढी उरलीत. ती बोटं पाहून मला हुरहुर लागली.

जिना चढताना त्या हुरहुरीने पिच्छा सोडला नाही. कोविडच्या ज्या काळात माणसं श्वासासाठी तडफडत गेली, निरोप घ्यायलाही कोणी जवळ नव्हतं, त्या काळातली एखादी गोष्ट आपल्याला हवीशी वाटावी? पण वाटली खरी. तेव्हा लिफ्टमध्ये न शिरणाऱ्या बाईला कोणी कारण विचारत नसे. उलट आतला माणूसच ओशाळून बाहेर पडायचा आणि मान डोलावून म्हणायचा, बरोबर आहे, काळजी घ्यायलाच हवी.

मला पॅनिक डिसऑर्डर आहे, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येतात, आणि त्याच्या पाठोपाठ आलेला ॲगोराफोबिया. हे दुसरं नाव घेतलं की लोकांना मोकळं मैदान दिसतं. तेही अगदीच चूक नाही. बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल नावाच्या डॉक्टरने १८७१मध्ये या विकाराला नाव दिलं, तेव्हा त्याच्यासमोर तीन पुरुष होते आणि त्यांना शहरातले मोकळे चौक ओलांडता येत नव्हते. सोबत कोणी असलं, नुसती हातात काठी असली तरी त्यांना धीर यायचा. दीडशे वर्षं होऊन गेली, पण माझ्या पर्समधली पाण्याची बाटली आणि आतल्या कप्प्यातली, वर्षानुवर्षं न घेतलेली गोळी त्या काठीच्याच जातीची आहे. जागा कुठलीही असो, मनात एकच हिशोब चालू असतो: इथे अटॅक आला तर बाहेर कसं पडायचं? कोण धरेल? चारचौघांत शोभा झाली तर? नाटकाला गेले तर मी कडेची खुर्ची घेते. बसमध्ये दाराजवळ उभी राहते. कोणाच्या घरी गेले तर चपला कुठे काढल्या ते पक्कं लक्षात ठेवते.

या विकाराच्या निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञ ज्या निकषांचा आधार घेतात, त्यांत पाच प्रकारच्या प्रसंगांची यादी आहे. सार्वजनिक वाहनं, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यांतल्या निदान दोन प्रसंगांची भीती, साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकलेली. २०२०मध्ये भिंतीभिंतीवर ज्या सूचना लागल्या, त्या वाचताना मला ही यादीच पुन्हा वाचल्यासारखं झालं. जपानने तर लोकांच्या तोंडी सहज बसतील असे तीन नियमच केले: बंदिस्त जागा टाळा, गर्दी टाळा, जवळून बोलणं टाळा. मोकळ्या जागा तेवढ्या या सूचनांमधून सुटल्या. वेस्टफालच्या त्या तिघांना दिलासा मिळाला नसता, मला मात्र पुरेपूर मिळाला. निकषांत आणखी एक अट असते, की ही भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी असली पाहिजे. मी डॉक्टरांना विचारलं होतं, सध्या वाजवी किती धरायची? व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज बदलतंय."

११ मार्च २०२०ला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ म्हटलं, आणि त्यानंतर जे सुरू झालं त्यात मी विलक्षण शांत होते. माझ्यासारख्या इतरांशी नंतर बोलणं झालं, तर त्यांच्यातल्याही काहींचं तसंच. छातीत धस्स होणं, रात्री दोनला उठून नाडी चाचपणं, पेपरातल्या प्रत्येक लक्षणाचं आपल्या अंगावर माप घेऊन पाहणं, हे आमचं रोजचं काम. त्यात नवीन काय? नवीन एवढंच होतं की सगळे आमच्या गल्लीत राहायला आले होते. सरसकट मात्र सगळे असे शांत नव्हते. ज्यांच्या भीतीचा गाभाच आजार आणि मृत्यू होता, त्यांची त्या दिवसांत दैना झाली. माझी भीती जास्त करून अडकण्याची. आणि घरात अडकायला मला कधीच काही वाटलेलं नाही.

एका रात्री ताईचा फोन आला. माझी ताई म्हणजे माझी काठी. बँकेत, दवाखान्यात, लग्नकार्यात, आयुष्यभर ती माझ्या डाव्या अंगाला चालत आली आहे. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "छातीत भरून आलंय गं. हाताला मुंग्या येतायत. मला काही होत नाहीये ना?" ताप नाही, खोकला नाही, बातम्या बघत बसली होती आणि अचानक चढलं. मी तिला म्हटलं, टीव्ही बंद कर, पाय जमिनीला टेकव, श्वास आत ओढू नकोस, बाहेर सोडताना लांबव. घड्याळ बघ. दहा मिनिटांत शिखर गाठून हे उतरायला लागतं. मी फोनवर आहे. आणि उतरलं. बराच वेळ ती नुसती नाक ओढत राहिली, मग म्हणाली, "तुला इतकी वर्षं हे असं होत होतं?"

मला फार बरं वाटलं. त्यात थोडा सूडही होता.

श्वासाचं प्रकरण मात्र सगळ्यांत अवघड गेलं. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६मध्ये पॅनिकचं जे चक्र मांडलं, ते आमच्यापैकी बहुतेकांना उपचारांच्या सुरुवातीलाच कागदावर काढून दाखवतात. अंगात काहीतरी होतं, साधी धडधड. मन तिचा अर्थ लावतं: हार्ट अटॅक. त्या अर्थाने धडधड वाढते, वाढलेल्या धडधडीने अर्थ पक्का होतो. उपचार म्हणजे या अर्थाला नकार द्यायला शिकणं. धाप लागली की मी वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आले होते, हा भास आहे, हवा भरपूर आहे, उलट तू जास्तच हवा घेते आहेस, म्हणून रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरलाय, म्हणून चक्कर, म्हणून बोटांना मुंग्या. आणि आता जगभरातले डॉक्टर सांगत होते, धाप लागली तर दुर्लक्ष करू नका. दोन्ही वाक्यं खरी. दोन्ही एकाच छातीसाठी.

तेवढ्यात घरोघरी ऑक्सिमीटर आले. बोटाला चिमटा लावायचा, लाल उजेड पडतो, आकडा येतो. माझा यायचा अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. जीव गुदमरतोय, घामाने पाठ भिजलीये, आणि आकडा म्हणतोय की तुला हवेची काहीही कमतरता नाही. पहिल्यांदा मी मोठ्याने हसले. इतकी वर्षं डॉक्टर तोंडाने सांगत होत्या ते एका इवल्याशा यंत्राने लेखी दिलं. याच्या अगदी उलट गोष्ट तेव्हा रुग्णालयांत दिसत होती: कोविडच्या काही रुग्णांचा ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत खाली गेलेला असायचा आणि ते फोनवर बोलत बसलेले असायचे, धाप म्हणून नाही. हे वाचून मी हादरले. म्हणजे श्वासाची जाणीव माझ्याच एकटीची खोटं बोलत नव्हती. कोणाचीच तिच्यावर भिस्त ठेवण्याजोगी नव्हती. पुढे ऑक्सिमीटरचं व्हायचं तेच झालं. सकाळी एकदा, मग जेवणाआधी, मग जेवणानंतर, मग जिना चढून, मग उगीच. नव्व्याण्णवचा सत्त्याण्णव झाला की पोटात गोळा. डॉक्टरांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी तो शेजारच्या खोलीत ठेवायला सांगितला आणि ताप असेल तरच हात लावायचा, असं ठरलं. काठी बदलली होती, एवढंच.

पण हे सगळं वरवरचं. आत, कोणाला न दिसता, दुसरं काहीतरी घडत होतं. भीतीची गोष्ट टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या वेळी टाळायला शिकवतं. उपचार याच्या उलट दिशेने चालतात. शिडी करतात. खालच्या पायरीवर घराचं फाटक, वरच्या पायरीवर रेल्वेचा लांबचा प्रवास. एकेक पायरी चढायची, भीती चढू द्यायची, न पळता तिथेच थांबायचं, ती ओसरेपर्यंत. अंगाला कळतं की काही झालं नाही. यातली मेख अशी, की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर एक नवी आठवण बसते, आणि ती नवी आठवण सरावाशिवाय टिकत नाही. सराव थांबला की जुनी डोकं वर काढते. महासाथीने आमचा सराव थांबवला, नुसता थांबवला नाही, सराव करणाऱ्याला बेजबाबदार ठरवलं. आधी बस गेली. मग कोपऱ्यापर्यंतचं चालणं गेलं. मग खाली कचरा टाकायला जाणंही शेजारच्या मुलाने आपणहून घेतलं, "काकू, तुम्ही नका येऊ, मी नेतो." माझं जग धुतलेल्या सुती कापडासारखं आटत गेलं आणि मला आटल्याचं कळलंही नाही, कारण मापाला लावून बघायला कुठे जायचंच नव्हतं. मला वाटत होतं मी सुधारतेय. अटॅक येत नव्हते ना!

मोजणाऱ्यांच्याही हाती हे लागलं असेल असं वाटत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या अंदाजानुसार, २०२० या एका वर्षात महासाथीमुळे जगात चिंताविकारांचे ७ कोटी ६२ लाख जादा रुग्ण झाले. फार मोठा आकडा. पण तो नव्याने भर पडलेल्यांचा. जी आधीपासून मोजली गेलेली होती आणि त्या वर्षात फाटकापासून उंबऱ्यापर्यंत मागे सरकली, ती त्यात कुठे दिसणार? एक होती, एकच राहिली.

उपचार पडद्यावर आले ही त्यातली मजेची बाजू. डॉक्टर आणि मी आपापल्या घरी, समोरासमोर. बाहेर जाण्याचा सराव करता येत नाही तर आतला करू, म्हणाल्या. म्हणजे पॅनिकमध्ये जे जे होतं ते मुद्दाम अंगावर आणायचं. फिरत्या खुर्चीवर गरगर फिरायचं, म्हणजे चक्कर येते. जागच्या जागी धावायचं, म्हणजे धडधड. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, म्हणजे घुसमट. एका चौकोनात त्या, एका चौकोनात मी, दोघींच्या तोंडात स्ट्रॉ, दोघींचे डोळे मोठे झालेले, आणि मागून त्यांच्या मांजरीने कीबोर्डवर उडी मारली. आजही स्ट्रॉ पाहिली की मला हसू येतं, आणि हसू येणं हे या आजारात औषधाच्या बरोबरीचं आहे. दुरून उपचार ही कल्पना काही नवी नव्हतीच. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांनी अर्ध्या शतकापूर्वी घराबाहेर पडू न शकणाऱ्या शेकडो लोकांना पत्रकं आणि ध्वनिमुद्रित सूचना पाठवून मार्ग दाखवला होता. भीतीशी झुंजू नका, तिच्यावर तरंगा, असं त्या सांगत. उंबऱ्याबाहेर येऊ न शकणाऱ्याला दवाखान्यात या म्हणणं विचित्र आहे, हे त्यांना कळलं होतं. बाकीच्यांना कळायला विषाणू यावा लागला.

मास्कबद्दल माझं मत दर महिन्याला बदलत गेलं. सुरुवातीला नको नको व्हायचं. आपलाच उष्ण, दमट श्वास ओठांवर परत येतो, आणि माझ्यासारखीच्या मेंदूला तेवढं कारण पुरतं: हवा संपली. पॅनिक असलेल्या बऱ्याच जणांचं अंग कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत जरा जास्तच हळवं असतं, हे जुनं निरीक्षण आहे. मग कधीतरी सवय झाली, आणि सवय झाल्यावर लक्षात आलं की मास्कमागे तोंड पांढरं पडलं, ओठ थरथरले तरी कोणाला दिसत नाही. डोळे तेवढे सांभाळायचे. लपण्यासाठी इतकी चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती.

आणि लसीची ती पंधरा मिनिटं! काही ठिकाणी तीस. टोचून झाल्यावर निरीक्षणासाठी खुर्चीत बसून राहायचं, रांगेत, अनोळखी माणसांच्या मधोमध, सोबत आत यायला परवानगी नाही, आणि उठून जायचं नाही. ताई बाहेर रस्त्यावर उभी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्येच, म्हणजे महासाथीच्या आधीच, लस घेताना ताणामुळे अंगात उमटणाऱ्या प्रतिक्रियांवर एक मार्गदर्शिका काढली होती; भोवळ, धाप, मुंग्या, हे लसीच्या द्रव्यामुळे नव्हे तर प्रसंगामुळेही होऊ शकतं, हे तिथल्या परिचारिकेला नीट माहीत होतं. माझे हात पाहून ती खाली वाकली आणि एवढंच म्हणाली, "घाबरलात तरी चालेल, बसून राहा." मी बसले. चढलं, शिखरावर गेलं, उतरलं, तरी वेळ उरला होता. बाहेर पडले तेव्हा ताईला वाटलं लस घेतल्याचा आनंद झालाय.

मग जग उघडलं. ५ मे २०२३ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं तेव्हा तर कोणाचं लक्षही नव्हतं, लोक केव्हाचे बाहेर पडले होते. मधल्या काळात ओळखीचे बरेच जण म्हणायचे, "मलाही तुझ्यासारखं झालंय गं, बाहेर जावंसंच वाटत नाही." मला ते ऐकून एकदम राग यायचा आणि त्याच वेळी सोबत मिळाल्यासारखंही वाटायचं. चार-सहा आठवड्यांत त्यांचं गेलं. ते विमानतळावरचे फोटो टाकायला लागले. मी फाटकाशी उभी होते, पुन्हा पहिल्या पायरीवर, आणि या वेळी माझ्याकडे कारण नव्हतं. लिफ्टमधले ते गोल मला का हवेसे वाटले ते जिन्याच्या वळणावर कुठेतरी कळलं. मोकळी जागा त्यांनी दिली होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्यांनी माझ्या वतीने बोलण्याचं काम केलं होतं.

डॉक्टरांचं म्हणणं, त्या सवलतीने माझं नुकसानच केलं. खरं आहे, दोन वर्षांत जे गेलं ते परत मिळवायला त्याहून जास्त काळ लागतोय. पण त्याच दोन वर्षांत मी जितकी माणसांत होते तितकी आधी वीस वर्षांत नव्हते, हेही खरं आहे. सगळं पडद्यावरून. भाच्याचं लग्न पाहिलं. एका जुन्या मैत्रिणीच्या अंत्यविधीला शेवटपर्यंत थांबले. एरवी मी स्मशानाच्या दारातूनही आत गेले नसते. कविता वाचनाला गेले, व्याख्यानांत प्रश्न विचारले. घरून काम करू द्या म्हणून मी आधी किती विनवलं होतं, ते शक्य नाही असं मला नीट समजावून सांगण्यात आलं होतं, आणि मग अख्खं ऑफिस एका आठवड्यात घरून चालायला लागलं. जे शक्य नव्हतं ते फक्त माझ्यासाठी शक्य नव्हतं, एवढं त्यातून कळलं. आता पुन्हा 'प्रत्यक्षच भेटू, मजा येते' सुरू झालंय. ऑनलाइन हजर राहायचे दुवे येणं बंद झालंय. माझा आजार मला घरात ठेवतो हे मान्य. पण दार बाहेरूनही लावता येतं की.

आमच्या वाचकगटाच्या संयोजकाला मी गेल्या महिन्यात फोन केला. दर बैठकीचा दुवा चालू ठेवा, मी एका आड एक बैठकीला प्रत्यक्ष येईन, असं डॉक्टरांशी ठरवून घेतलं होतं, तेही त्याला सांगितलं. तो भला माणूस आहे, पण अडखळला. "तसं नाही हो, पण दुवा ठेवला की लोक यायचेच बंद होतात."

"मी तशीही येत नव्हते," मी म्हटलं.

त्यावर तो हसला आणि विचार करून सांगतो म्हणाला. अजून करतोय.